झिजेसाठी राखलेली जागा

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन मी घरच्या गॅरेजमध्ये खोलले आणि पुन्हा बांधले. या कामात पान्यापेक्षा मायक्रोमीटर अधिक वेळ हातात राहतो. मोजता मोजता एक गोष्ट लक्षात येते: हे यंत्र झिजणार, हे त्याच्या कर्त्यांनी आधीच गृहीत धरले होते.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. तिचे १७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरी ‘बी सिरीज’ इंजिन आपल्याला परके नाही. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन याच घराण्यातले. पिस्टनची धाव दोन्हींत ८८.९ मिलिमीटर, फरक सिलिंडरच्या व्यासाचा. टॅक्सी स्टँडवरची गाडी आणि ही स्पोर्ट्स कार अशी चुलत भावंडे निघतात.

खोलतानाचा पहिला नियम म्हणजे जोड्या फोडायच्या नाहीत. कॅमशाफ्टचा प्रत्येक उंचवटा आणि त्याच्यावरचा टॅपेट एकमेकांशी घासून जुळलेले असतात. जागा बदलली तर दोघेही लवकर संपतात. म्हणून पुठ्ठ्याला आठ भोके पाडून पुशरॉड क्रमाने खोचायचे आणि टॅपेटही त्याच क्रमाने ठेवायचे. मेन बेअरिंगच्या टोप्या तर ब्लॉकवर आवळूनच आरपार कातलेल्या असतात. प्रत्येकीची जागा ठरलेली, दिशाही ठरलेली.

मग मोजमाप. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी. तिथे पिस्टनची रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते, उष्णता आणि दाब जास्त असतात आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. वर, मध्ये, खाली, उभे आणि आडवे अशी मापे घेतली की भोक किती बिघडले ते कळते. यावर उपाय रिबोअर. त्यासाठी ०.०१० इंचाच्या पायऱ्यांनी, ०.०४० इंचापर्यंत मोठे पिस्टन मिळतात. क्रँकशाफ्टचे उलटे: तो ग्राइंड करून बारीक करायचा आणि बेअरिंग तेवढे जाड घ्यायचे. ही कामे मशीन शॉपमध्येच होतात. मात्र किती कातायचे, हे मालकाने ठरवायचे असते.

इथेच खरा पेच आहे. कातलेली धातू परत येत नाही. एकदम शेवटच्या मापाला गेले, तर पुढच्या दुरुस्तीला स्लीव्ह बसवण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून भिंत साफ होईल एवढाच, ०.०२० इंचाचा, छेद मी घ्यायला सांगितला.

दुसरा पेच पेट्रोलचा. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० साली थांबली. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या शिशाचा थर बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्ह सीटचे रक्षण करीत असे. तो नसेल तर सतत जोरात चालवताना एक्झॉस्टची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो, टॅपेटची फट कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मी कठीण धातूच्या सीटा बसवून घेतल्या. मूळपण थोडे उणे झाले, पण इंजिन चालते ठेवायचे तर ही किंमत मला रास्त वाटली.

बांधणीत घाईला जागा नाही. बेअरिंग आणि शाफ्ट यांतली फट केसाच्या जाडीच्या आतच असते; धुळीचा एक कणही तिथे मोठा. हेडच्या नटा मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळायच्या. व्हॉल्व्हची फट ०.०१५ इंच. शेवटी स्पार्क प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि मगच ते पेटवायचे.

सगळी मापे मी वहीत लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवली आहेत. ०.०२० इंच वापरले, ०.०२० शिल्लक. पुढे हे इंजिन जो कोणी खोलेल, त्याच्या वाट्याची ती जागा आहे.