ऑनलाइन खरेदीतील वयपडताळणी (महाराष्ट्र)

एखादी वस्तू ठरावीक वयाखालील व्यक्तीला विकण्यास कायद्याने मनाई असेल, तर ग्राहकाने ते वय पूर्ण केले आहे की नाही याची विक्रेत्याने करावयाची खातरजमा म्हणजे वयपडताळणी होय. समोरासमोरच्या व्यवहारात ही खातरजमा बहुतेक वेळा नजरेनेच होते. पांढऱ्या केसांच्या माणसाकडे कोणताही दुकानदार जन्मदाखला मागत नाही. इंटरनेटवरून खरेदी करताना मात्र विक्रेत्याला ग्राहक दिसत नाही. त्यामुळे तेथे वय तपासले जात नाही, वयाचा कागद तपासला जातो. या फरकातून प्रौढ ग्राहकांना होणारा त्रास आणि अल्पवयीनांना मिळणारी मोकळीक, अशा दोन्ही गोष्टी उद्भवतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राच्या, आणि जुन्या जन्मनोंदी विरळ असलेल्या परभणी जिल्ह्यासारख्या भागाच्या संदर्भात केला आहे.

वयाची अट असलेल्या वस्तू

महाराष्ट्रात मद्याविषयीचे नियम १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतात. बिअर व वाइन यांसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. याशिवाय मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वैयक्तिक परवाना लागतो. हा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो, अशी त्याची भाषा आहे. ती वाचून आजच्या वाचकाला हसू येणे स्वाभाविक आहे, पण कायद्याची मूळ वृत्ती दारूबंदीची असल्याने परवाना हा अपवाद म्हणून द्यावा लागतो.

तंबाखूजन्य पदार्थ १८ वर्षांखालील व्यक्तीस विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ६ ने बंदी आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्रीही करता येत नाही. २०११ च्या नियमांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. ग्राहक अल्पवयीन नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे, आणि शंका आल्यास तो वयाचा पुरावा मागू शकतो. ‘शंका आल्यास’ हे शब्द समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला गृहीत धरतात. पडद्यामागच्या ग्राहकाबद्दल शंका यावी तरी कशावरून? १०० यार्डांचे अंतरही दुकानाच्या पायरीपासून मोजता येते. मोबाइलमधील दुकान शाळेच्या फाटकापासून किती दूर आहे, याला उत्तर नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकास मद्य, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर २०१९ पासून सर्वांसाठीच बंदी असल्याने तेथे वयाचा प्रश्न उरत नाही.

आम्लाच्या विक्रीचा समावेश या यादीत अनेकदा राहून जातो. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार, १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकता येत नाही. इतरांनाही ते विकताना शासकीय छायाचित्र-ओळखपत्र पाहणे, पत्ता व खरेदीचे कारण नोंदवहीत लिहिणे बंधनकारक आहे.

पडताळणीच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत स्वयंघोषणेची. ‘मी १८ वर्षे पूर्ण केली आहेत’ या ओळीपुढील चौकोनावर बोट ठेवले की काम झाले. तिला पडताळणी म्हणणे हा शब्दाचा गैरवापरच आहे. प्रसंग आल्यास विक्रेत्याला ‘ग्राहकाने खोटे सांगितले’ असे म्हणता यावे, एवढाच तिचा उपयोग. दुसरी पद्धत ओळखपत्राचे छायाचित्र मागवण्याची. तिच्या जोडीला बहुधा ग्राहकाने स्वतःचा फोटो काढून पाठवायचा असतो व संगणक दोन्ही चेहरे जुळवून पाहतो. तिसरी पद्धत दारात वस्तू देताना ओळखपत्र पाहण्याची.

चेहऱ्यावरूनच वयाचा अंदाज बांधणारी तंत्रेही आता वापरात येत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मे २०२४ मध्ये अशा सहा प्रणालींची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतील कोणतीही एक सर्व बाबतींत सरस ठरली नाही, आणि स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चुका जवळजवळ नेहमीच अधिक आढळल्या. अंदाज काही वर्षांनी इकडेतिकडे होत असल्याने अशी प्रणाली मर्यादेजवळच्या वयाच्या ग्राहकाला सरसकट कागद मागते. म्हणजे कागद टाळण्यासाठी आणलेले तंत्र २२ वर्षांच्या तरुणाला पुन्हा कागदाकडेच पाठवते.

२०२० मधील घरपोच मद्यविक्री

महाराष्ट्रात वयपडताळणीचा प्रश्न सामान्य ग्राहकापर्यंत प्रथम पोहोचला तो टाळेबंदीत. मे २०२० च्या आरंभी मद्याची दुकाने उघडताच मोठी गर्दी उसळली. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांनी घरपोच विक्रीचा विचार करावा असे सुचवले, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परवानाधारक ग्राहकांना त्यांच्या निवासी पत्त्यावर मद्य पोहोचवण्यास दुकानांना मुभा दिली. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत ही सोय अर्थातच नव्हती.

येथे एक जुनीच गोष्ट नव्याने उघडी पडली. दुकानात समोरून खरेदी करताना वैयक्तिक परवाना विचारला जाणे विरळच. एका दिवसाचा परवाना (विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये) दुकानातूनच मिळण्याची तरतूद असली, तरी ग्राहकांपैकी अनेकांना परवाना नावाची वस्तू आहे हेही ठाऊक नव्हते. घरपोच मागणीत मात्र परवाना हीच पहिली पायरी झाली. वार्षिक परवान्याचे शुल्क १०० रुपये व आजीव परवान्याचे १,००० रुपये असल्याने अडचण पैशाची नव्हती. वयाचा व पत्त्याचा पुरावा संगणकावर चढवणे, त्यातील नाव-तारीख जुळणे आणि नोंदवलेल्या मोबाइलवर संकेतांक येणे, या साखळीतील एखादी कडी तुटली की अर्ज अडकत असे. याच अडचणीचा फायदा घेऊन मद्यदुकानांच्या नावाने बनावट दूरध्वनी क्रमांक पसरवले गेले आणि संकेतांक विचारून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी मुंबई-पुण्यात नोंदल्या गेल्या.

झारखंडमध्ये त्याच महिन्यात स्विगी व झोमॅटो या कंपन्यांनी रांची येथून मद्य पोहोचवण्यास सुरुवात केली. स्विगीने ओळखपत्र व ग्राहकाचा ताजा फोटो यांची संगणकीय जुळवणी आणि देताना संकेतांक अशी दुहेरी पद्धत ठेवली होती. आज इतर अनेक सेवांत दिसणारा हाच साचा आहे.

वय आणि वयाचा कागद

कागदावरील वय खरे असते हे गृहीतक मराठवाड्यात फार सांभाळून वापरावे लागते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी कारभार उर्दूत चाले व कालगणना फसली सनाची असे, जी इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. तो आल्यानंतरही घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद करण्यासाठी कोणी मुद्दाम ग्रामपंचायतीत जात नसे.

मग जन्मतारीख ठरे ती शाळेत. आई सांगे, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’, किंवा ‘बाहत्तरच्या दुष्काळात अंगावर पीत होता’. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण. शाळा जूनमध्ये भरे, म्हणून जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातील एका पिढीचा वाढदिवस अशा रीतीने एकाच दिवशी येतो. त्यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात ती तारीख लिहिणाऱ्याच्या हातून खोटे काही लिहिले जात नव्हते. रकाना रिकामा ठेवण्याची सोय त्याला नव्हती, इतकेच.

पुढे हीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तेथून नोकरीच्या सेवापुस्तकात व निवृत्तिवेतनाच्या कागदांवर गेली. शाळेत न गेलेल्यांची स्थिती आणखी निराळी. आधार नोंदणीच्या वेळी त्यांनी अंदाजे वय सांगितले, आणि कार्डावर केवळ जन्मवर्ष छापले गेले. ऑनलाइन अर्जात दिवस व महिना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेथे काहीतरी भरावे, तर ते ओळखपत्राशी जुळत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. सत्तरीच्या माणसाचे वय १८ पेक्षा अधिक आहे याबद्दल कोणालाच शंका नसते. तरीही तो नापास होतो, कारण यंत्राला विचारलेला प्रश्न ‘हा मोठा आहे का’ असा नसून ‘या दोन नोंदी सारख्या आहेत का’ असा असतो.

नावांचीही तीच गत. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने; शेख हे आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे असते. घरातील सर्वांच्या आधारला एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर १९ वर्षांच्या मुलीच्या खरेदीचा संकेतांक वडिलांच्या फोनवर जातो; तो क्रमांक बंद पडला असेल तर कोठेच जात नाही. दुरुस्तीचा मार्ग आहे, पण अरुंद. आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, आणि तीही पुराव्यासह.

यातील कायदेशीर विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. वयासाठी सर्वांत अधिक मागितले जाते ते आधार कार्ड. परंतु आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे ते देणाऱ्या प्राधिकरणानेच २०२३ मध्ये परिपत्रकाद्वारे कळवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे न्यायालयाच्या दृष्टीने अधिक विश्वसनीय कागद तोच, ज्यावर १ जून ही तारीख लिहिलेली असू शकते. आणि ऑनलाइन विक्रेते सहसा हा दाखला स्वीकारत नाहीत, कारण त्यावर फोटो नसतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. ही मुले १८ वर्षांची होतील २०४१ मध्ये.

अल्पवयीनांना मिळणारी वाट

प्रौढाला अडवणारी ही चाळण मुलांना मात्र सहज ओलांडता येते. घरातील मोठ्यांच्या मोबाइलवर खाते आधीच पडताळलेले असते. पुढे प्रत्येक खरेदीला कोणी वय विचारत नाही. वस्तू दारात घेणारा कोण हे पाहण्याचे काम पोहोचवणाऱ्या कामगारावर येते. त्याला प्रत्येक फेरीमागे पैसे मिळतात, वस्तू परत नेली तर वेळ जातो आणि ग्राहकाशी वाद होतो तो वेगळाच. कायद्याचा सर्वांत नाजूक भाग सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाच्या हाती सोपवला गेला आहे, असे म्हणावे लागते.

काही वस्तूंना तर चाळणच नसते. मे २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ऑनलाइन मागवलेल्या तलवारी व धारदार हत्यारे पोलिसांनी जप्त केली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीवर आम्लहल्ला झाला; ते आम्ल ऑनलाइन खरेदी केल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्लिपकार्ट व मीशो यांना आम्लविक्रीबाबत नोटिसा काढल्या. २०१३ च्या आदेशातील नोंदवही गल्लीतल्या दुकानदाराला लागू होती आणि संकेतस्थळांनाही. ती उघडून पाहण्याची गरज मात्र हल्ल्यानंतर वाटली.

ओळखपत्राच्या प्रतींचा प्रश्न

वय सिद्ध करण्यासाठी दिलेल्या प्रतीत नाव, पत्ता, छायाचित्र व क्रमांक असे सर्व काही जाते. विक्रेत्याला हवे असते ते ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर. खासगी कंपन्यांना आधारच्या वापराची मुभा देणारे आधार कायद्यातील कलम ५७ सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी त्या मर्यादेपर्यंत रद्द केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार, उद्देशासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीला ग्राहकाची संमती लागू होते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. त्याच वर्षी आलेल्या आधारच्या नव्या अॅपमध्ये निवडक माहितीच दाखवण्याची सोय आहे. तिचा उपयोग विक्रेत्यांनी ती स्वीकारण्यावर अवलंबून राहील. तोवर प्रत पाठवणे भागच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेले आधार पाठवावे. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

तक्रारीची सोय

पडताळणी फसल्याने मागणी रद्द झाली व पैसे अडकले, तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांचा आधार घेता येतो. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एका महिन्यात निवारण करावे असा नियम आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागण्याचा अधिकार दिला असल्याने, गंगाखेड किंवा जिंतूरच्या ग्राहकाला बेंगळुरूच्या कंपनीविरुद्ध परभणीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीसोबत पडताळणी नाकारल्याच्या संदेशाचे छायाचित्र आणि मागणीचा क्रमांक जोडावा.