पॉपकॉर्न, भाडेपट्टे आणि पडद्यांचे मालक

हॉलिवूडचा इतिहास सहसा स्टुडिओपासून सुरू करतात. खरं तर सुरुवात थिएटरवाल्यांनी केली. १९०५ साली पिट्सबर्गमध्ये हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी एका दुकानात खुर्च्या मांडून पाच सेंटांत सिनेमा दाखवायला सुरुवात केली, आणि गावोगावी तशी ‘निकलोडियन’ उघडली. विल्यम फॉक्स, वॉर्नर बंधू, मार्कस लो ही मंडळी या धंद्यातूनच वर आली. लो यांच्या थिएटरांना सिनेमे कमी पडू लागले, म्हणून त्यांनी १९२० साली मेट्रो कंपनी घेतली आणि १९२४ मध्ये एमजीएम उभी राहिली. मुंबईत धोबीतलावचं मेट्रो सिनेमा याच एमजीएमने १९३८ साली बांधलं. आराखडा लो यांच्या अमेरिकेतल्या थिएटरांचा वास्तुकार टॉमस लॅम्ब याचा.

पुढे हॉलिवूडच्या पाच बड्या स्टुडिओंकडे अमेरिकेतली जेमतेम १७ टक्के थिएटरं होती. पण मोठ्या शहरांत नवा सिनेमा पहिल्यांदा लागायचा तो बहुतेक त्यांच्याच पडद्यावर. बाहेरच्या थिएटरवाल्याला एक चालणारा सिनेमा हवा, तर सोबत पडेल सिनेमांचा गठ्ठा गळ्यात. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने हे बेकायदा ठरवलं आणि स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली. त्याच सुमारास घरोघरी टीव्ही आला.

मग आला कॅन्सस सिटीचा स्टॅन्ली डरवुड, पुढच्या एएमसी या थिएटर साखळीचा कर्ता. १९६३ मध्ये त्याने एका शॉपिंग सेंटरमध्ये ‘पार्कवे ट्विन’ काढलं: शेजारी शेजारी दोन पडदे, पण पॉपकॉर्नचा काउंटर एकच. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा, विशेषतः पहिल्या आठवड्यात, वितरक नेतो. पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकवरचा नफा मात्र थिएटरवाल्याचाच. हे गणित एकदा समजलं की पुढचं सगळं उलगडतं. दोनाचे चार झाले, चाराचे आठ, आणि १९९५ साली डॅलसमध्ये एएमसीने थेट चोवीस पडदे लावले.

माझ्या मते घात तिथेच झाला. अशा नव्या थिएटरांतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या उंच आसनांवर बसून पाहायची सवय लागल्यावर जुन्या सपाट थिएटरात कोण जाणार? प्रत्येक साखळीने कर्ज काढून नवी थिएटरं बांधली आणि जुन्यांचे लांब मुदतीचे भाडेपट्टे मानेवर तसेच राहिले. २०००-२००१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स, कारमाइक, एडवर्ड्स, जनरल सिनेमा, लोज, रीगल एकामागून एक दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. प्रेक्षक कुठेही पळाला नव्हता. २००२ साली अमेरिका आणि कॅनडा मिळून दीड अब्जाहून जास्त तिकिटं खपली. पण कोर्टात गेल्यावर नकोसे भाडेपट्टे मोडता येतात. डेन्व्हरच्या फिलिप अँशुट्झ यांनी थिएटरं नव्हे, तर बुडत्या कंपन्यांची कर्जं स्वस्तात उचलली आणि त्या बळावर तीन साखळ्या एकत्र करून नवी रीगल उभी केली.

त्यानंतर मालक भराभर बदलले. एएमसी २०१२ मध्ये चीनच्या वांडाकडे गेली, २.६ अब्ज डॉलरना. रीगल २०१८ मध्ये ब्रिटनच्या सिनेवर्ल्डने ३.६ अब्ज डॉलरना घेतली, तीही बरीचशी कर्जावर. २०२२ मध्ये सिनेवर्ल्डच दिवाळखोरीत गेली. वांडा बाहेर पडली आणि २०२१ मध्ये मोबाइलवरून शेअर घेणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांनी एएमसीला तारलं. कंपनीने त्यांना फुकट पॉपकॉर्न देऊ केलं, म्हणजे आपल्या सर्वांत जास्त नफ्याचा माल!

१९४८ च्या निकालानंतर स्टुडिओंवर घातलेले निर्बंध ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने उठवले. मग जून २०२४ मध्ये सोनी या हॉलिवूड स्टुडिओने अलामो ड्राफ्टहाउस ही ३५ थिएटरांची साखळी विकत घेतली. जेवणखाण खुर्चीवर आणून देणं, ही तिची ख्याती.