प्राँगहॉर्नचे डोळे आणि शिकाऱ्याचे गुडघे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत प्राँगहॉर्नची शिकार करणारे लोक दुर्बिणीबरोबर गुडघ्यांवर बांधायचे जाड पट्टेही नेतात. कशासाठी? हरणासारख्या दिसणाऱ्या या प्राण्याचे डोळे मोठे आणि डोक्याच्या कडेला असतात. फार दूरची हालचाल तो टिपतो. मग उघड्या माळावर निवडुंगातून रांगतच जावे लागते. पाठलाग तर व्यर्थच, कारण तो ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास धावतो! तिथला आजचा कोणताही भक्षक एवढा वेगवान नाही. हिमयुगात तिथे चित्त्यासारखे मार्जार होते. ते नष्ट झाले, वेग तेवढा उरला, असे प्राणिशास्त्रज्ञ जॉन बायर्स मानतात.

घात केला तो कुतूहलाने. गवतात लपून फडके हलवले की ते पाहायला प्राँगहॉर्न आपणहून जवळ येई. बेसुमार शिकारीमुळे १९२० च्या दशकापर्यंत काही हजारच उरले होते. पुढे परवाने मोजून दिले जाऊ लागले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी वळवला. आज त्यांची संख्या काही लाख आहे.

आम्हाला आता बंदुकीपेक्षा कुंपणाची काळजी अधिक वाटते. हा प्राणी सहसा तारेवरून उडी मारत नाही, खालून सरपटतो. म्हणून सर्वांत खालची तार बिनकाट्यांची आणि जमिनीपासून निदान ४० सेंटिमीटर वर हवी.