इंटरनेटवरील दूरध्वनी : पेटीला पत्ता देताना

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचे जाळे नेण्याच्या योजनेस केंद्र मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. हीच योजना पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या कार्यालयांत व शाळांत असे जाळे पोचले आहे, तेथे संगणकासाठी आलेल्या तारेवरूनच दूरध्वनीही चालविता येतो. त्यासाठी नवे संच घ्यावेच लागतात असे नाही. टेबलावरचा जुना संच ज्या लहानशा पेटीला जोडला असता इंटरनेटवरून बोलू लागतो, तिला 'व्हॉइस गेटवे' म्हणतात.

पेटी बसविण्याचे काम अर्ध्या तासाचे असते. परंतु पंधरा-वीस दिवस सुरळीत चाललेला दूरध्वनी एखाद्या सकाळी अचानक मुका होतो. पुराच्या रात्री तहसील कचेरीस निरोप द्यावयाचा असेल, तर असे मुकेपण महागात पडते. अशा वेळी दोष पुष्कळदा पेटीत नसतो आणि तारेतही नसतो. पहिल्या दिवशी पेटीला जो पत्ता दिला गेला, त्यात तो असतो.

आवाजाची पाकिटे

इंटरनेटवर आवाज अखंड वाहत नाही. रूढ पद्धतीनुसार तो सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो व २० सहस्रांश सेकंदाचा एकेक तुकडा पाकिटात भरला जातो. म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पाकिटे निघतात. प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो. या पत्त्यास आयपी पत्ता म्हणतात.

त्याची रचना समजण्यास पिनकोडचे उदाहरण उपयोगी पडेल. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ४०३ हे आकडे पाहताच टपाल खात्यातील माणूस पत्र गोव्याच्या थैलीत टाकतो, उरलेले आकडे पुढचे काम करतात. १९२.१६८.१.३० या आयपी पत्त्यातही आरंभीचा भाग कार्यालयाचे जाळे दाखवितो व शेवटचा भाग त्या जाळ्यातील यंत्र. आरंभीचा भाग कोठे संपतो हे 'सबनेट मास्क' सांगतो. तो २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन अंक जाळ्याचे आणि शेवटचा यंत्राचा.

या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे ओळखून १९९६ मध्ये पत्त्यांचे तीन समूह केवळ अंतर्गत वापरासाठी निश्चित करण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. यास्तव तोच पत्ता हजारो कार्यालयांत आढळतो, जसा 'मारुतीच्या देवळाजवळ' हा पत्ता गावोगावी आढळतो.

पेटीलाच विचारावे

या पेटीला पडदा नसतो. तरीही तिचा पत्ता कळण्याची एक गमतीदार सोय अनेक कंपन्यांनी ठेवली आहे. पेटीला जोडलेला साधा दूरध्वनी उचलावा आणि पेटीलाच विचारावे. ग्रँडस्ट्रीम कंपनीच्या एचटी मालिकेतील पेट्यांवर तारांकन तीनदा व नंतर ०२ दाबल्यास पेटी आपला पत्ता इंग्रजीत वाचून दाखविते. सिस्कोच्या जुन्या एसपीए मालिकेत तारांकन चारदा दाबून ११० व शेवटी चौकट-चिन्हाचे बटण दाबावे लागते. पत्ता घालण्याच्या रीतीही भिन्न. पहिल्या कंपनीस बारा अंक सलग हवे असतात, म्हणून १९२.१६८.१.३० हा पत्ता १९२१६८००१०३० असा दाबावा लागतो. दुसरीत टिंबाच्या जागी तारांकन चालते. म्हणून पेटीसोबतची पुस्तिका खोक्याबरोबर टाकून देऊ नये.

पत्त्यासोबत सबनेट मास्क, बाहेर जाण्याच्या दाराचा म्हणजे राउटरचा पत्ता व डीएनएसचा पत्ता द्यावा लागतो. राउटरच्या या पत्त्यालाही 'गेटवे' असेच म्हणतात. एका शब्दाच्या या दोन अर्थांमुळे या रकान्यात पेटीचाच पत्ता पुन्हा लिहिला जातो. मग कार्यालयातल्या कार्यालयात बोलणे होते, बाहेर मात्र दूरध्वनी लागत नाही.

एका गटाचे दोन सात-बारा

राउटर प्रत्येक यंत्राला आपण होऊन ठरावीक मुदतीचा पत्ता देतो. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. दूरध्वनी सेवेशी स्वतः नोंदणी करणाऱ्या पेटीस ती सहसा पुरते. परंतु दोन इमारतींतील पेट्या एकमेकींना केवळ पत्त्यानेच ओळखत असतील, तर एकीचा पत्ता बदलताच दुसरीची हाक रिकाम्या घरी जाते. तेथे पत्ता स्थिरच हवा.

स्थिर पत्ता निवडताना नेहमीची चूक अशी : कोणता पत्ता रिकामा आहे हे त्या क्षणी तपासून तोच घेतला जातो. त्या दिवशी मुद्रणयंत्र किंवा एखाद्या शिक्षकाचा संगणक बंद असेल, तर त्याचा पत्ताही रिकामा भासतो. पुढे एकाच गटाचे दोन सात-बारा निघावेत तशी दोन यंत्रे एकच पत्ता सांगू लागतात, आणि दूरध्वनी कधी चालतो, कधी नाही. राउटरने शेवटचा अंक १०० ते १९९ असलेले पत्तेच वाटावेत असे ठरवून, १० ते ५० हे स्थिर यंत्रांसाठी राखून ठेवल्यास हा तंटा उद्भवत नाही.

दुसरा मार्ग आरक्षणाचा. पेटीच्या तळाशी छापलेला बारा अक्षरांचा मॅक क्रमांक राउटरमध्ये नोंदविला, की राउटर त्या पेटीस नेहमी तोच पत्ता देतो. लहान कार्यालयास हाच मार्ग अधिक सोयीचा. सर्व नोंदी एके ठिकाणी राहतात. मात्र राउटर बदलला की त्या पुन्हा कराव्या लागतात.

पत्ता निर्दोष असूनही केवळ आपलाच आवाज पलीकडे जातो व पलीकडचा ऐकू येत नाही, अशी तक्रार येते. बोलणे जुळविताना पेटीने आपला अंतर्गत पत्ता कळविलेला असतो. बाहेरच्याला 'मारुतीच्या देवळाजवळ' एवढेच सांगितले, तर त्याचे पाकीट येणार कसे? पेटीत 'नॅट'संबंधी जी मांडणी असते, ती सेवा पुरविणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे भरल्यास हा दोष बहुधा दूर होतो.

कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. तो कायम राहिल्यास परक्या माणसांनी कार्यालयाच्या खर्चाने परदेशी बोलण्याचा धोका असतो. पत्ता, मास्क, राउटरचा पत्ता, मॅक क्रमांक व बसविल्याची तारीख यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत पेटीच्या नावापुढे करावी, आणि पत्त्याची एक चिठ्ठी पेटीवरही चिकटवावी. परवलीचा शब्द त्या चिठ्ठीवर लिहू नये. तो बंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे ठेवावा.