कायम होईपर्यंतचे न्यायमूर्ती

सेनगाव किंवा कळमनुरीच्या एखाद्या शेतकऱ्याचा बांधाचा वाद दुसऱ्या अपिलात गेला, की त्याचे कागद सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात पोचतात. तिथे 1981 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. समोर बसलेले न्यायमूर्ती कायम आहेत की ‘अतिरिक्त’, हे पक्षकार विचारत नाही आणि वकीलही सांगत नाही. दोघांचा अधिकार सारखाच असतो, निकालाचे वजनही सारखेच. फरक एवढाच, की अतिरिक्त न्यायमूर्तींची नेमणूक फार तर दोन वर्षांची असते आणि तेवढ्यात त्यांना कायम करायचे की नाही हे दुसरे कोणीतरी ठरवत असते. न्यायाधीशांच्या नेमणुका सरकारने कराव्यात की न्यायवृंदाने, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझ्या मते खरी दुखरी जागा या दोन वर्षांत आहे. तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट उमेदवाराची जाहीर चौकशी करते, मतदान होते आणि मग तो न्यायासनावर बसतो. तिथे राजकारण होत नाही असे नाही. 1986 मध्ये स्कालिया 98 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाले होते, तर 2018 मध्ये कॅव्हानॉ 50 विरुद्ध 48 असे जेमतेम तरले. हा धोका डॉ. आंबेडकरांनी मे 1949 मध्ये संविधान सभेत ओळखला होता. सिनेटसारखी संमती किचकट ठरेल आणि तिच्यातून राजकीय दबाव शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यायलाही त्यांनी विरोध केला, कारण तेही शेवटी माणूसच. म्हणून घटनेत ‘सल्लामसलत’ आली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालाने सरन्यायाधीशांचा हा सल्ला बंधनकारक केला आणि न्यायवृंद उभा राहिला. त्याला पर्याय म्हणून संसदेने केलेला न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. पण अमेरिकेत निवड आणि पारख दोन्ही न्यायासनावर बसण्याआधी उरकतात, तर आपण पारखीचा एक मोठा भाग बसल्यानंतर करतो, ही गोष्ट या चर्चेत हरवते.

अतिरिक्त न्यायाधीशाची आजची तरतूद 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 224 मध्ये आली. काम तात्पुरते वाढले किंवा खटले तुंबले तर मदतीला माणूस हवा, हा तिचा हेतू. ही ‘तात्पुरती’ वाढ सत्तर वर्षे ओसरलेली नाही, हे सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर 94 पदांपैकी 71 कायम आणि 23 अतिरिक्त आहेत. नव्याने येणारे न्यायमूर्ती साधारणपणे याच दारातून आत येतात. मदतनीसाची जागा अशी उमेदवारीची जागा झाली. तिचा वापर कसा होऊ शकतो हे महाराष्ट्राने आणीबाणीत पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश उ. रं. लळीत यांना कायम केले गेले नाही. सरकारला न रुचलेल्या जामिनाची ती किंमत होती, असेच वकीलवर्गात मानले गेले. (त्यांचे चिरंजीव उदय लळीत 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले, त्यांची निवड थेट वकिलीतून सर्वोच्च न्यायालयात झाली होती, त्यामुळे या उमेदवारीतून त्यांना जावे लागले नाही.) पुढे 1981 मध्ये कायदामंत्री शिवशंकर यांनी अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात जाण्याची संमती मागवणारे परिपत्रक काढले. ते थेट सर्वोच्च न्यायालयात पोचले.

म्हणून ही उमेदवारीची दोन वर्षे काढून टाकावीत आणि पारख नेमणुकीआधीच उघडपणे व्हावी, असे मला वाटते. यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की तसे केले तर चुकीचा माणूस बासष्टाव्या वर्षापर्यंत बसून राहील, कारण महाभियोगाने न्यायाधीशाला हटवणे जवळजवळ अशक्य आहे. नागपूर खंडपीठातील न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही म्हणून बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या पोक्सो कायद्याखालचा लैंगिक अत्याचार नाही, असा निकाल त्यांनी जानेवारी 2021 मध्ये दिला. त्यांना कायम करण्याची शिफारस न्यायवृंदाने मागे घेतली, एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केलाच. चूक सुधारण्याचा रस्ता तोच. निकालामुळे नोकरी जाते हे इतर अतिरिक्त न्यायमूर्तींनी पाहिले, तर पुढचा धडा ते चुकीच्या निकालाचाच घेतील असे नाही, अप्रिय निकालाचाही घेतील. आज संतापलेली जनता आपल्या बाजूची आहे, उद्या संतापणारे मंत्रालय असेल.

दुसरा आक्षेप, की पारख आधी आणि उघडपणे केली तर चांगले वकील अब्रूच्या भीतीने पुढेच येणार नाहीत. सोमशेखर सुंदरेसन यांचे प्रकरण उलटी साक्ष देते. समाजमाध्यमांवरील मतांवरून केंद्राने त्यांच्या नावाला हरकत घेतली. जानेवारी 2023 मध्ये न्यायवृंदाने ती हरकत आणि तिचे उत्तर दोन्ही जाहीर करून नाव पुन्हा पाठवले आणि नोव्हेंबरमध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात रुजू झाले. उशीर झाला खरा. पण दोन्ही बाजू वाचून मत बनवणे कोणालाही शक्य होते आणि त्यात त्यांची अब्रू गेली नाही. नेमणुकीआधी एवढी कारणे नेहमीच छापली गेली, तर नंतरच्या उमेदवारीची गरज बरीच कमी होईल.

आणि त्यासाठी घटनेला हात लावावा लागत नाही. उच्च न्यायालयात कायम न्यायाधीश किती, हे अनुच्छेद 216 नुसार राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार, ठरवते. ती 23 पदे कायम करणे एका आदेशाचे काम आहे. पण दोन वर्षांनी पुन्हा एकदा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची सोय सरकारलाही सोडवत नाही आणि न्यायवृंदालाही.