दाब ओसरतो तेव्हाचा सूर

गिटारचा स्वच्छ सूर जाणूनबुजून खरखरीत करणारी पेडले हौशी तरुण घरीच जोडीत असतात. जुन्या ध्वनिवर्धकांची जी खुमारी ते शोधतात, तिचे मूळ मात्र एका उणिवेत आहे.

अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘डिलक्स’ ध्वनिवर्धकात विजेचा उलटसुलट प्रवाह एकाच दिशेने वळविण्याचे काम ‘५वाय३’ ही काचेची नळी करीत असे. तार जोराने छेडली की प्रवाहाची मागणी वाढे; नळीच्या अंगच्या रोधामुळे दाब उतरे आणि सूर किंचित दबे. मग कंडेन्सर पुन्हा भरत, तसतसा तो हळूच उमलून येई. पुढे आलेल्या सिलिकॉन डायोडमध्ये ही घट नगण्य असते.

पेडलमध्ये याची नक्कल करण्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी व जोडणी यांच्यामध्ये कमीजास्त करता येणारा रोध घालतात आणि त्यापुढे एक कंडेन्सर. परंतु पेडलला थोडेच मिलिअँपियर लागतात, व तेही फारसे बदलत नाहीत. म्हणून आवाज बहुधा संपत आलेल्या बॅटरीसारखा आखडतो, उमलत नाही.

आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे: बॅटरीवरील हा प्रयोग निर्धोक आहे, नळ्यांचा ध्वनिवर्धक मात्र मुलांस उघडू देऊ नये. आत पुष्कळदा ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सर तो प्राणघातक दाब धरून ठेवतात.

सामर्थ्याने क्षणभर नमते घेतले की सुरास गोडी येते. संत पौलाची शिकवण ऐकत आलेल्या घरांना याचे नवल वाटू नये.