कायद्याच्या नजरेतून : लेखांक ६
यवतमाळचे लग्न आणि तीन देशांचे कायदे

३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळच्या एका हॉटेलात लग्न लागले. एक नवरदेव मूळचा यवतमाळचा, अमेरिकेत राहणारा. दुसराही नवरदेवच, व्हिएतनामचा. बातमी फुटल्यावर अमरावती-अकोल्याच्या पानठेल्यांवर एकच प्रश्न होता : "हे कायद्यात बसते काय बाप्पा?"

प्रश्न सरळ होता, उत्तर तसे नव्हते. मागच्या लेखांकात आपण शिक्षा सांगणारे कायदे पाहिले. शिक्षा गेली म्हणजे मान्यता मिळाली असे होत नाही, हे या लग्नाइतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

अमेरिकेत असे लग्न पूर्ण कायदेशीर. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी ते देशभर मान्य केले. व्हिएतनाममध्ये समारंभ केल्याबद्दल पूर्वी दंड होई. तो २०१३ मध्ये गेला, आणि १ जानेवारी २०१५ पासून विवाह कायद्यातली बंदीही गेली. मात्र त्याच कायद्यात सरकारने लिहून ठेवले की अशा लग्नाला आम्ही मान्यता देत नाही. मांडव खुशाल घाला, नोंदणीला येऊ नका! आणि यवतमाळात? भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ तेव्हा जिवंत होते, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. पण ते शरीरसंबंधाला लागू होते, अक्षतांना नव्हे. म्हणजे लग्न लावणे गुन्हा नव्हता, त्यानंतरचा संसार गुन्हा ठरू शकत होता, आणि दफ्तरी त्या लग्नाची किंमत शून्य होती.

या कलमाचा मसुदा १८३७ चा, मेकॉलेच्या आयोगाचा. दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १८६२ पासून लागू झाली. यवतमाळ धरून सारा वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा, पण १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांचा. निजामानेही मागे राहायचे नाही असे ठरवले असावे : १९१९ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवणारा कायदा आला. नोंद असलेली व्यक्ती बायकी पोशाखात रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय अटक. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै २०२३ मध्ये. इकडे ३७७ चा आकडा इंग्रजांबरोबर मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेशापर्यंत गेला. खुद्द इंग्लंडने १९६७ मध्ये स्वतःच्या घरातला कायदा सैल केला. वसाहतींतली कलमे मात्र राहिली. सिंगापूरने आपले कलम २०२२ मध्ये काढले. मलेशिया, पाकिस्तान, बांगलादेश यांनी अजून नाही.

यवतमाळच्या लग्नानंतर नऊ महिने व्हायच्या आत, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळले. तेव्हा अनेकांना वाटले, आता लग्न म्हणजे दोन-चार वर्षांची बाब. तैवानने २०१९ मध्ये दार उघडले, नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की लग्न हा मूलभूत हक्क नाही, काय करायचे ते संसदेने करावे. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केले की अशी जोडपी बँकेत संयुक्त खाते उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात. रेशनकार्डासाठी त्यांना एकच कुटुंब धरावे, असेही राज्यांना कळवले. नवरा-बायको म्हणून नाही, पण एका शिधापत्रिकेवर दोन नावे. मला यात विनोद दिसतो आणि थोडी प्रगतीही.

तृतीयपंथीयांची गोष्ट वेगळ्या रस्त्याने गेली. इराणमध्ये समलिंगी संबंधाला फाशीपर्यंत शिक्षा आहे, पण लिंगबदलाची शस्त्रक्रिया खोमेनींच्या फतव्याने १९८० च्या दशकापासून मान्य. पाकिस्तानने २०१८ मध्ये स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा हक्क दिला (२०२३ मध्ये तिथल्या शरियत न्यायालयाने त्यातला मोठा भाग रद्द ठरवला), ३७७ मात्र कायम. माणसाची ओळख मान्य करणे सरकारांना सोपे जाते, त्याचे प्रेम मान्य करणे जड जाते, असा माझा तरी निष्कर्ष आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य झाली. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने ओळखीच्या प्रमाणपत्राचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिले, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या माणसाला मुंबई गाठायची गरज ठेवली नाही. पण कागद असणे आणि तो टेबलावर मानला जाणे यांत अंतर असते. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक येथे एका तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीसाठी स्त्री-राखीव जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तिला स्त्री म्हणून लढू दिले. ती निवडूनही आली.

संरक्षणाचा हिशेब मात्र अजून लंगडा आहे. २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे ठेवली. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७ समूळ गेले. संमतीचे संबंध २०१८ मध्येच सुटले होते. जबरदस्तीचे संबंध त्या कलमात उरले होते, तेही गेले. आज सज्ञान पुरुषावर पुरुषाने बलात्कार केला, तर त्याला बलात्कार म्हणणारे कलम नव्या संहितेत नाही.